स्वीकार

वाचकहो, स्वीकार हा शब्द आपल्या बोलण्यात बहुधा निरुपायाच्या वाटेने येतो. दुखणे बरे होणारे नसले, माणूस परत येणारा नसला, की थोरली माणसे पाठीवर हात ठेवून म्हणतात, आता स्वीकार कर बाई. आणि ऐकणारीला कळते, की आता करण्यासारखे काही उरलेले नाही. पण परमार्थात हाच शब्द अगदी निराळ्या अंगाने येतो. भक्ताने वाहिलेले पान देव स्वीकारतो तेव्हा त्याचा निरुपाय झालेला नसतो. तो ते आपले म्हणून जवळ घेतो. या दुसऱ्या अर्थाने स्वतःच्या देहाचा स्वीकार कसा होतो, आणि ज्या स्त्रियांचा देह साऱ्या जगाने मिळून हीन ठरवला त्यांना तो कोणत्या वाटेने साधला, याचा आज निवांतपणे विचार करू.

दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतातील खोइखोइ समाजात जन्मलेल्या एका स्त्रीला जग सारा बार्टमन म्हणते. तिच्या आईबापांनी ठेवलेले नाव कोणी टिपून ठेवले नाही. 1810 मध्ये तिला लंडनला नेले आणि पिकॅडिलीतील एका जागी, पैसे घेऊन, तिचा देह लोकांपुढे मांडला. तिच्या समाजातील अनेक स्त्रियांच्या नितंबांची ठेवण भरदार असते, एवढाच काय तो चमत्कार. पण त्या एका ठेवणीवरून आफ्रिकेतील समस्त स्त्री म्हणजे वासनेची पुतळी आणि माणूस व पशू यांच्या मधली पायरी, असा सिद्धांत उभा राहिला. तिच्या बाजूने कोर्टात खटला झाला, पण ती आपखुशीने आली आहे असे मानून कोर्टाने तो निकाली काढला. 1811 मध्ये मँचेस्टरला तिचा बाप्तिस्मा झाला. ज्या समाजाने तिला देवाचे लेकरू म्हणून पदरात घेतले, त्याच समाजात पुढेही तिच्यावर तिकीट लागलेलेच राहिले. स्वीकाराचा विधी झाला, स्वीकार राहून गेला.

पुढे ती पॅरिसला गेली. 1815 च्या वसंतात तेथील राजोद्यानात जॉर्ज क्युव्हिए या नामांकित शरीरशास्त्रज्ञासह विद्वान आणि चित्रकार जमले आणि तिला विवस्त्र उभे केले. येथे थोडे थांबावे. शास्त्रार्थासाठी जमलेल्या त्या मंडळींसमोर, परक्या देशात, पाठीशी कोणी नसताना, ती एक हातरुमाल घेऊन उभी राहिली आणि त्यांना जे पाहायचे होते ते तिने त्या रुमालाआड झाकून ठेवले. त्यांनी आर्जवे केली. तिने ऐकले नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस ती वारली तेव्हा क्युव्हिएने शवविच्छेदन करून हवे ते पाहून घेतले, आणि तिचा मेंदू व गुह्यांग बरणीत घालून ठेवले. त्याच्या अहवालात तिची स्मरणशक्ती चांगली असल्याचे, तिला डच चांगले येत असल्याचे, तिचे हात सुबक असल्याचे नमूद आहे, आणि त्याच अहवालात तिच्या हालचालींची तुलना माकडाशी आहे. डोळ्यांना माणूस दिसत होते आणि लेखणी पशू लिहीत होती.

तो रुमाल मला स्वीकाराचे पहिले सोपान वाटतो. आपल्याला वाटते, की जिने स्वतःचा देह स्वीकारला ती तो मिरवील. पण मिरवणे ही फार पुढची आणि कित्येकींना नकोशीच गोष्ट आहे. त्याआधी देह माझा आहे, याची खूण पटावी लागते. आणि ती ज्या स्त्रीला पटली तिच्या तोंडी सर्वांत आधी नकार येतो. साराचे स्वतःचे शब्द जवळजवळ उरले नाहीत, परंतु हा एक नकार तिला मोजणाऱ्यांच्याच कागदांतून आपल्यापर्यंत पोचला आहे.

आता मोजणाऱ्यांकडे वळू, कारण स्वीकाराच्या आड येणारी दृष्टी तिथे घडली. क्युव्हिएनंतर शंभर वर्षे युरोपात कवट्या, नाके आणि कटिप्रदेश मोजण्याचे काम जोरात चालले. बर्लिनच्या मानववंशशास्त्र संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर यांनी आजच्या नामिबियातील रेहोबोथ येथे, खोइखोइ आणि गोऱ्यांच्या संकरातून आलेल्या कुटुंबांवर काम करून नाव मिळवले होते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस त्यांच्याकडे पुण्याहून एक तरुण विद्यार्थिनी आली, इरावती कर्वे. गोऱ्यांच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजू अधिक असमान असतात आणि त्यातच त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीचे बीज आहे, अशी फिशर यांची कल्पना. इरावतीबाईंनी कवट्या तपासल्या आणि वंशाचा व असमानतेचा संबंध आढळत नाही असा निष्कर्ष मांडला. गुरूच्या संस्थेत, गुरूच्याच मोजपट्टीने. पुढे बाईंनी महाराष्ट्रातही पुष्कळ मोजमापे घेतली. त्यांनी मोजपट्टी फेकून दिली नाही. तेव्हा दोष मोजण्यात नसावा. कोण वर, कोण खाली हे आधी ठरवून मग आकडे गोळा करण्यात तो होता. याच बाई पुढे वारीत चालल्या आणि ‘वाटचाल’ लिहिली, हे आपल्याला ठाऊकच आहे.

पण मंडळी, शास्त्राने मोजपट्टी खाली ठेवली म्हणून ती नाहीशी होते असे नाही. ती मनात जाऊन बसते, आणि मग दुसऱ्या कोणी मोजण्याची गरजच उरत नाही. केनियात वाढलेली अभिनेत्री लुपिता न्योंगो हिने 2014 मध्ये एका समारंभात आपल्या लहानपणची गोष्ट सांगितली. ती रोज देवाकडे मागत असे, की सकाळी उठेन तेव्हा माझी कातडी उजळ झालेली असू दे. बदल्यात तिने देवाशी सौदाही मांडला होता: रात्री साखरेच्या वड्या चोरून खाणार नाही, आईचे सगळे ऐकेन, शाळेचा स्वेटर पुन्हा हरवणार नाही. सकाळी आरशात तोच रंग. या प्रार्थनेत पाप काय, तर चोरलेली साखर. आणि त्या साखरेइतकाच स्वतःचा रंगही तिला सुधारण्याजोगा अपराध वाटत होता, हे त्यातले दुःख. चौदाव्या शतकात आपल्याकडे संत सोयराबाईनेही देहाविषयीच देवाला विचारले होते, पण तिचा देह बदलून दे असे तिने म्हटले नाही. ज्या विटाळातून सर्वांचाच जन्म, तो एकाच जातीच्या माथी कसा, हा तिचा प्रश्न होता. लेकराने रूप बदलून मागितले आणि सोयराबाईने न्यायाचा हिशेब. देवाने पहिली प्रार्थना ऐकली नाही यात मला त्याची कृपा दिसते. ती ऐकली असती तर पट्टीच खरी ठरली असती.

लुपिताची आई तिला सांगे, की सौंदर्य खाता येत नाही, त्याने पोट भरत नाही. मुलीला ते तेव्हा पटले नाही, आणि नवल नाही. दक्षिण सुदानची काळीभोर मॉडेल अलेक वेक जेव्हा जगभरच्या मासिकांत झळकू लागली, तेव्हा कुठे त्या मुलीला आपल्यासारखी कातडी कौतुकाने पाहिली जाते हे दिसले. म्हणजे स्वीकार एकटीच्या निश्चयावर उभा राहत नाही. आपल्यासारखे कोणी आधी स्वीकारलेले पाहावे लागते. आणि तरीही आईचेच म्हणणे खोल होते, कारण कौतुकावर टेकलेला स्वीकार कौतुकाबरोबर ओसरतो. दुसऱ्याविषयीची करुणा ज्या अंतःकरणात असते त्याची शोभा आरशाला विचारावी लागत नाही, हे लुपिता मोठेपणी समजली. साबण-क्रीमवाल्या कंपन्या हल्ली प्रत्येक देह सुंदर असे ओरडून सांगतात. सांगोत, पण त्यांनी परीक्षा तीच ठेवली आहे, फक्त सर्वांना पास केले आहे. देहाला सुंदर ठरण्याची गरजच न उरणे, ही स्वीकाराची अवस्था त्यांच्या धंद्याला परवडणारी नाही.

साराची गोष्ट अजून पुरी झालेली नाही. तिचा सांगाडा आणि देहाचा साचा पॅरिसच्या संग्रहालयात 1970 च्या दशकापर्यंत लोकांपुढे होता. नेल्सन मंडेला यांनी तिचे अवशेष फ्रान्सकडे मागितले. खोइ वंशाचीच कवयित्री डायना फेरस हिने 1998 मध्ये साराला घरी न्यायला आले आहे अशा अर्थाची कविता लिहिली, आणि ती फ्रेंच सिनेटपर्यंत पोचली. 2002 मध्ये फ्रान्सने कायदा केला, आणि त्याच वर्षी 9 ऑगस्टला, दक्षिण आफ्रिकेच्या महिलादिनी, हँकी या गावाजवळ गॅमटूस नदीच्या खोऱ्यात तिचे दफन झाले. दोनशे वर्षांच्या मोजदादीत तिला जे मिळाले नाही ते तिच्या माणसांनी दिले: ही आमची, एवढेच म्हणून जवळ घेणे. देव पान स्वीकारतो ते याच रीतीने, पानाची लांबीरुंदी न पाहता.

आपला देव काळा. त्याचे सावळेपण गाताना आपला कंठ दाटतो, आणि त्याच मुखाने आपण घरातल्या मुलीला उन्हात जाऊ नकोस, रापशील, म्हणतो. स्थळासाठी छापायच्या माहितीपत्रकात उंचीच्या खाली ‘वर्ण’ असा रकाना असतो, त्यात गोरा, निमगोरा, गव्हाळ असे लिहितात. सावळा लिहिताना बापाची लेखणी अडते आणि तो गव्हाळ लिहून टाकतो. वाचकहो, तुमच्या घरी या मोसमात असे पत्रक तयार होत असेल, तर तो रकाना काढून मगच ते छापायला द्या.