शिक्का लंडनचा

१८९२ पासून मुंबई विद्यापीठाचा वैद्यकीय पदवीधर ब्रिटनच्या वैद्यक-नोंदवहीत नाव घालू शकत होता. ते नाव नसेल, तर इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या परीक्षेलाही बसता येत नसे. नोंदवही लंडनच्या जनरल मेडिकल कौन्सिलच्या ताब्यात होती, आणि १९३० साली कौन्सिलने हिंदुस्थानी पदव्यांना दार बंद केले.

कौन्सिलचा जुना आक्षेप असा, की इथल्या विद्यार्थ्यांच्या हातून पुरेशी बाळंतपणे होत नाहीत. आक्षेप अगदीच खोटा नव्हता. पण बाळंतीण दवाखान्यात येत होती कुठे? ती घरातल्या अंधाऱ्या खोलीत, बाजेखाली शेगडी ठेवून. नाळ कापायला सुईण. परपुरुष विद्यार्थ्याला तिथे कोण उभे करणार? उणीव होती खरी, पण ती पदवीच्या माथी मारणे सोयीचे होते. पुढे वाद येऊन ठेपला तो तपासणी कोणी करायची यावर. आपल्या महाविद्यालयांवर लंडनचा तपासनीस का, हा प्रश्न विचारणाऱ्यांचा स्वाभिमान मला पटतो. मात्र मान्यता हवी आणि तपासणी नको, हा हट्ट कुठवर टिकणार?

शेजारच्या गोव्यात आणखी विचित्र प्रकार. १८४२ मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या वैद्यकीय शाळेचे पदवीधर पोर्तुगालच्या आफ्रिकी वसाहतींत चालत. खुद्द पोर्तुगालात डॉक्टरकी करायची, तर पुन्हा परीक्षा.

१९३० च्या धक्क्यातूनच १९३३ चा इंडियन मेडिकल कौन्सिल कायदा आला. १९३६ मध्ये लंडनने मान्यता परत दिली. इथवरची कथा आपण अभिमानाने सांगतो. पण नव्या कायद्याने मान दिला तो विद्यापीठाच्या पदव्यांना. मेडिकल स्कूलमधून शिकलेले, तालुक्या-खेड्यांत सायकलवरून हिंडणारे एलएमपी, म्हणजे परवानाधारक डॉक्टर त्याच्या बाहेरच राहिले. देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात देशातल्या सुमारे ४७ हजार डॉक्टरांपैकी जवळजवळ ३० हजार हेच होते. लंडनने आपल्याला जे केले, तेच आपण आपल्या माणसांना केले, तेही दर्जाचेच कारण पुढे करून.

१९७५ मध्ये ब्रिटनने भारतीय पदव्यांची मान्यता पुन्हा काढली. तेव्हाही इथे अपमानाची भाषा झाली. एलएमपींची आठवण मात्र फारशी कुणाला झाली नाही.