आजारी पडण्याची शिक्षा

या आजारांसाठी मराठीत रूढ शब्द आहे 'गुप्तरोग'. रेल्वेरुळांशेजारच्या भिंतींवरच्या जाहिरातींत तो आपण सगळ्यांनी वाचलेला असतो. शब्द नीट पाहिला तर त्यात आजाराचं काहीच वर्णन नाही. रोग्याने काय करायचं, एवढीच सूचना आहे: गुप्त ठेव. गंमत अशी, की गोनोरिया, सिफिलिस, क्लॅमिडिया हे जिवाणूंमुळे होणारे आजार आहेत, प्रतिजैविकांनी बरे होतात. पण अनेकदा सुरुवातीला लक्षणंच दिसत नाहीत. त्यामुळे ते पसरतात ते तपासणी न करण्यामुळे आणि न बोलण्यामुळे. म्हणजे जे करायला नको, तेच आपण आजाराच्या नावात लिहून ठेवलंय.

यामागे एक जुना प्रश्न आहे. माणूस स्वतःच्या वागण्यामुळे आजारी पडला, तर त्याच्या उपचाराचा भार इतरांनी का उचलायचा? अमेरिकेच्या सैन्याने गेल्या शंभरेक वर्षांत या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं देऊन पाहिली आहेत, म्हणून त्याकडे बघण्यासारखं आहे.

पहिलं उत्तर १९१२ सालचं. अमेरिकन काँग्रेसने कायदा केला, की स्वतःच्या गैरवर्तनातून झालेल्या आजारामुळे सैनिक कामावर नसेल, तर त्या दिवसांचा पगार मिळणार नाही. दारू आणि लैंगिक आजार, दोन्ही यात आले. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने जवानांना कंडोम वाटले नाहीत. नैतिक बळ वाढवायची व्याख्यानं दिली आणि संबंधांनंतर काही तासांत येऊन औषध लावून घ्यायची केंद्रं उघडली.

पगारकपातीचं तर्कशास्त्र वरवर पाहता बिनतोड आहे: किंमत मोजावी लागली की माणूस जपून वागेल. पण शिक्षा संबंध ठेवण्याला नव्हती, आजाराची नोंद होण्याला होती. ज्या टीममध्ये चूक सांगणाऱ्याचं अप्रेझल बिघडतं, तिथे बग कमी होत नाहीत, बगच्या नोंदी कमी होतात. सैनिकही आजार लपवायला, बाहेरून चोरून औषध घ्यायला शिकणार, हे उघड होतं. दुसऱ्या महायुद्धात सैन्याने मोठ्या प्रमाणावर कंडोम वाटले आणि १९४४ साली काँग्रेसने पगारकपात रद्द केली.

इथे गोष्ट संपवली तर छान बोध मिळतो: शिक्षेने आजार लपतो, म्हणून शिक्षा नको. पण हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. त्याचं कारण एका हकिकतीत आहे.

१९४३ साली उत्तर आफ्रिकेत अमेरिकन सैन्याकडे पेनिसिलिन फार थोडं होतं. एकीकडे लढाईत जखमी झालेले, जखमा चिघळलेले जवान. दुसरीकडे गोनोरिया झालेले जवान. औषध दुसऱ्या गटाला दिलं गेलं. ही हकिकत त्या आघाडीवर काम केलेले हार्वर्डचे भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांनी नंतर लिहिली, आणि वैद्यकीय नीतिशास्त्रात ती आजही उदाहरण म्हणून येते. कारण साधं होतं. गोनोरियाचा रोगी थोड्या दिवसांत बंदूक घेऊन उभा राहू शकत होता; जखमींना महिने लागले असते.

म्हणजे ज्या आजारासाठी कायद्याने अजून पगार कापला जात होता, त्याच आजाराला रांगेत पहिला नंबर मिळाला. 'दोष कुणाचा' हा प्रश्न सैन्याने बाजूला ठेवला खरा, पण करुणेमुळे नाही. त्या जागी 'उपयोग कुणाचा' हा प्रश्न आला.

उपयोगावर उभा राहिलेला हक्क किती कच्चा असतो, ते सैनिकांच्या अवतीभवतीच्या बायकांकडे बघितलं की कळतं. पहिल्या महायुद्धात, सैनिकांना संसर्ग होऊ नये म्हणून, अमेरिकेत छावण्यांच्या आसपासच्या हजारो स्त्रियांना नुसत्या संशयावरून तपासण्या करून डांबून ठेवलं गेलं. आपल्याकडे ब्रिटिशांनी हेच आधी केलं होतं. १८६८च्या कायद्याने वेश्यांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी होई, आजारी बाईला 'लॉक हॉस्पिटल'मध्ये ठेवत. ज्या गोऱ्या सोजिरासाठी हे चालायचं, त्याच्यावर अशी सक्ती नव्हती. जंतू एकच; एकाला उपचार, दुसरीला कुलूप.

आता आजचं. अमेरिकेत सैनिक, त्यांची कुटुंबं आणि निवृत्त सैनिकांसाठी 'ट्रायकेअर' ही आरोग्य योजना आहे. कार्यरत सैनिकाला उपचारांसाठी खिशातून पैसे द्यावे लागत नाहीत. लैंगिक आजारांच्या तपासण्या, एचपीव्ही आणि हेपटायटिस बीच्या लशी, एचआयव्ही टाळण्यासाठीची प्रेप ही गोळी, सगळं योजनेत येतं. पैशाचा प्रश्न सुटला. भीतीचा सुटला का? सैनिकाचा डॉक्टर आणि सैनिकाचा वरिष्ठ एकाच संस्थेचे असतात. सेवेसाठी तो तंदुरुस्त आहे का, यासाठी लागणारी वैद्यकीय माहिती वरिष्ठांना देण्याची मुभा कायद्यात आहे. विवाहबाह्य संबंध लष्करी कायद्याखाली अजूनही गुन्हा ठरू शकतात. अशा वेळी एखाद्याला फुकटची तपासणी सोडून गावातल्या दवाखान्यात रोख पैसे मोजणं बरं वाटलं, तर नवल नाही.

म्हणून एचआयव्हीबाबतचा तिथला एक नियम मला महत्त्वाचा वाटतो. संसर्ग कुणाकडून आला, कुणाला गेला असेल, हे शोधताना सैनिकाने जे सांगितलं, ते त्याच्यावर कारवाई करण्यासाठी वापरता येत नाही. ज्या संस्थेत सगळं शिस्तीवर चालतं, तिने शिक्षेभोवती आखलेली ही लक्ष्मणरेषा आहे.

कुणी म्हणेल, मग जबाबदारीचं काय? रविवारी फुटबॉल खेळताना सैनिकाचा पाय मोडला, तर 'खेळायची गरज काय होती?' असं विचारून कुणी प्लास्टर अडवत नाही. धोका त्यानेही स्वतःच पत्करलेला असतो. फरक एवढाच, की फुटबॉलची आपल्याला लाज वाटत नाही. मात्र मोडलेला पाय दुसऱ्याला लागत नाही, संसर्ग लागतो, हे खरं आहे. म्हणून इथे जबाबदारी उलट जास्तच आहे. पण ती पुढे बघणारी आहे: तपासणी करणं, औषध पूर्ण घेणं, कंडोम वापरणं आणि जोडीदाराला सांगणं. यातलं शेवटचं सर्वांत अवघड आहे, आणि जिथे बोलण्याची शिक्षा मिळते तिथे ते जवळपास अशक्य होतं. मागे बघून दोष मोजणारा समाज पुढची जबाबदारी घ्यायची वाटच बंद करतो.

उपचार मिळावेत ते माणूस निर्दोष आहे म्हणून नाही, उपयोगी आहे म्हणूनही नाही; तो आजारी आहे म्हणून. सैन्यासारख्या, माणसाला उपयोगावरून तोलणाऱ्या संस्थेलाही याच्या जवळपास यायला कित्येक दशकं लागली. आपल्या दवाखान्यात तपासणीसाठी आलेल्या पंचविशीतल्या मुलीला पहिला प्रश्न अजूनही 'लग्न झालंय का?' असा विचारला जातो. उपचाराला जे माहीत असणं गरजेचं आहे, ते 'संबंध आले आहेत का?' एवढ्या प्रश्नाने कळतं. पहिल्या प्रश्नाला ती कदाचित खोटं सांगेल आणि उठून जाईल. पगार कुणी कापलेला नाही, तरी शिक्षा झालेली असते.