खिसा तसाच राहू दे

माझ्या आत्याच्या घरी एक वाकळ आहे. तिच्या एका कोपऱ्यात शर्टाचा खिसा आहे, जसाच्या तसा, वरून उघडा. आतेभाऊ गेला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. रात्रपाळीहून परतताना मोटारसायकलचा अपघात झाला. दिवसकार्य उरकलं आणि आत्या गप्प झाली. म्हणजे चहा टाकायची, दुधाचा हिशेब करायची, पण त्याचं नाव कुणी काढलं की उठून आत जायची. आम्ही शिकलेली माणसं तिला ‘मन मोकळं कर, रडून घे’ म्हणून समजावत राहिलो. त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

मग एका दुपारी शेजारच्या तिघी जुन्या लुगड्यांचं बोचकं घेऊन आल्या. पाऊस तोंडावर आलाय, वाकळ शिवायचीय, आमच्यानं एकट्या-दुकट्यानं आवरायची नाही, तू बस जरा, एवढंच म्हणाल्या. सोप्यात लुगडं अंथरलं, वर चिंध्यांचे थर पसरले, कच्चे टाके घालून ते जागेवर बसवले आणि चौघी चार बाजूंनी कडेकडेनं आत शिवत निघाल्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आत्या आतून त्याचा निळ्या चौकटीचा शर्ट घेऊन आली. एकीनं तो उसवायला घेतला. आत्या म्हणाली, “खिसा तसाच राहू दे. त्यात तो सुपारी ठेवायचा.” आणि मान खाली घालून, टाका घालता घालता, ती त्याच्याविषयी बोलायला लागली. कुणी तिच्याकडे बघितलं नाही. एकीनं फक्त सुईत दोरा ओवून दिला.

मी तेव्हा तिथं होते. आम्ही इतके दिवस तिच्यासमोर बसून, तिच्या डोळ्यांत बघून जे मागत होतो, ते या बायकांना न मागता मिळालं. का मिळालं, याचा विचार मी पुढं बरीच वर्षं करत आले आहे. मला वाटतं, मोठा आघात झालेल्या माणसाला दुसऱ्याची नजर सोसत नाही. दोघांच्या मध्ये तिसरं काहीतरी लागतं, कापड म्हणा, माती म्हणा, जिच्याकडे दोघांनाही बघता येईल आणि जिच्यावर दोघांचेही हात चालतील अशी एखादी वस्तू. मग दुःख थेट माणसाला सांगावं लागत नाही. ते कापडाला सांगितलं जातं आणि शेजारच्याला ऐकू येतं.

आपल्याकडे हे काम जात्यानं किती शतकं केलं! पहाटेच्या अंधारात दोघी समोरासमोर बसतात, एकाच खुंट्याला दोघींचे हात असतात, एक मूठमूठ वैरण घालते. एक ओवी सुरू करते, दुसरी ती उचलते. सासरचा जाच, माहेरची ओढ, गेलेलं मूल, नवऱ्याचा मार, जे दिवसाउजेडी कुणाला सांगायची सोय नव्हती ते सगळं तिथं येतं. आणि बाई हे सांगते कुणाला? जात्याला. त्याला देव म्हणून हाक मारते. समोर सासू बसलेली असली तरी बिघडत नाही, कारण बोलणं तिच्याशी चाललेलंच नसतं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी गावोगावच्या बायकांना सोबत घेऊन अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावं, तीन हजारांवर गाणाऱ्या बायका. यांतल्या एकीलाही कुणी कलावंत म्हणून निवडलं नव्हतं. दळण सगळ्यांनाच होतं, म्हणून ओवीही सगळ्यांची होती. कुठली ओवी कुणाची हे पुढं सांगताही येत नाही, आणि त्यातच मोठा दिलासा आहे: माझं दुःख माझ्याआधी कुणीतरी गाऊन ठेवलेलं आहे. गावात पिठाची गिरणी आली आणि बायकांच्या हातांना विसावा मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण पहाटेची ती जागा गेली, तिच्या बदल्यात आपण काही दिलं नाही.

चिलीतल्या बायकांनी अशी जागा स्वतः उभी केली. ११ सप्टेंबर १९७३ रोजी तिथं लष्करानं सत्ता बळकावली. त्यानंतरच्या लष्करशहा पिनोशेच्या राजवटीत तीन हजारांहून अधिक माणसं मारली गेली किंवा कायमची बेपत्ता झाली. त्यांच्या आया, बायका, बहिणी सांतियागोमध्ये चर्चच्या आसऱ्याला जमू लागल्या. १९७६ पासून ‘व्हिकारिया दे ला सोलिदारिदाद’ या चर्चच्याच संस्थेनं त्यांना आधार दिला. पोत्याच्या कापडावर चिंध्या शिवून त्या चित्रं करत. या चित्रांना ‘आर्पियेरा’ म्हणतात. स्पॅनिशमध्ये हा शब्द मुळात पोत्याच्या कापडाचाच. मागं अँडीजचे डोंगर, पुढं घरं, रांगेत उभी चिमुकली कापडी माणसं, ‘ते कुठं आहेत?’ असा सवाल. कधी हरवलेल्या माणसाच्याच कपड्याचा तुकडा त्यात शिवलेला असे. काय शिवायचं यावर सगळ्या मिळून बोलत, कुणाचं अडलं तर दुसरी हात लावी. ही चित्रं गुपचूप परदेशी जात, विकली जात आणि घरातला कर्ता माणूस नाहीसा झालेल्या बाईच्या चुलीवर त्या पैशानं भाकरी शिजे. या भाकरीचा उल्लेख मला फार महत्त्वाचा वाटतो. उपाशी बाईला ‘व्यक्त हो’ म्हणणं क्रूर आहे.

पुष्कळ आर्पियेरांना मागच्या बाजूनं एक छोटासा खिसा शिवलेला असे, आत चिठ्ठी: हे चित्र कशाचं आहे, काय घडलं. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले.

अलीकडे आपल्या शहरांत मानसिक आरोग्यासाठी कलेच्या कार्यशाळा होतात. व्हायलाच हव्यात. पण ‘तुमचं दुःख कागदावर काढा’ असं पहिल्याच तासाला सांगतात तेव्हा मला आमचीच ती चूक आठवते. दुःख मागून मिळत नसतं. आधी काम द्यावं, तेही असं की ज्याला चित्र काढता येत नाही, ज्याचे हात थरथरतात, ज्याला लिहिता येत नाही त्यालाही जमेल. वाकळीत वाकडा टाका खपून जातो, म्हणून तिथं कुणीही बसू शकतं. शिवाय दाखवायचं की नाही, हे करणाऱ्यानंच ठरवायचं. चिलीतल्या बायकांना जगाला दाखवायचंच होतं. आत्याची वाकळ मात्र अंगावर घ्यायची आहे, तिचा फोटो कुणी मागितला तर ती देणार नाही.

आणि हेही तितक्याच स्पष्टपणे सांगते की वाकळीनं आजार बरा होत नाही. ‘निम्हान्स’ या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनं केलेल्या २०१५-१६च्या राष्ट्रीय पाहणीत असं दिसलं की वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के माणसांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. ही दरी सुई-दोऱ्यानं भरून काढता येईल असं सांगून सरकारनं हात झटकू नयेत. आत्याला महिनोन्‌महिने झोप नव्हती. तिला औषधाची गरज होती, आणि ती आम्हा कुणाच्या लक्षात आली नव्हती. ती ओळखली वाकळीच्या त्या तिघींतल्या एकीनं. रोज शेजारी बसून तिला आत्याचे हात दिसत होते. तिनंच तिला एसटीनं तालुक्याच्या गावी डॉक्टरांकडे नेलं आणि पुढंही दर महिन्याला नेत राहिली.

तिथं रांगेत दोन-तीन तास सहज जात. दुसऱ्या खेपेला आत्यानं पिशवीत चिंध्या आणि सुई-दोरा घेतला. चौथ्या खेपेला मी सोबत गेले, तेव्हा बाकावर आत्याच्या शेजारी एक अनोळखी बाई सरकून बसली होती. मांडीवर ओढलेल्या कापडाच्या दुसऱ्या कडेला ती टाके घालत होती आणि मान वर न करता आत्याला काहीतरी सांगत होती.