वसुलीची सोय आणि वर्णाचा प्रश्न

अमेरिकेत डेमोक्रॅटिक पक्षाचा पराभव झाला की त्या पक्षातील पुरोगाम्यांपैकी कोणी ना कोणी असा सल्ला घेऊन पुढे येतोच की, वर्णाची भाषा आता आवरती घ्यावी आणि मजुरी, घरभाडे व औषधपाणी एवढ्यांविषयीच बोलावे, कारण सर्वांचे कल्याण साधले म्हणजे काळ्यांचे आपोआपच साधते. आणि या सल्ल्याच्या पुष्ट्यर्थ फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीचा दाखला दिला जातो. हा दाखला मुळातच चुकीचा आहे, आणि तो सद्भावनेने दिला जातो म्हणून अधिक घातक आहे.

कल्पना जुनीच. समाजवादी पुढारी यूजीन डेब्ज, जे स्वतः वर्णद्वेष्टे मुळीच नव्हते, त्यांनीही 1903 साली लिहिले की निग्रोंना वेगळे असे देण्याजोगे आपल्या पक्षापाशी काही नाही. वुड्रो विल्सन यांच्या सुधारणांबरोबर सरकारी कचेऱ्यांत वर्णभेदही शिरला, याविषयी आता फारसा वाद उरलेला नाही.

वाद आहे तो 1935 च्या सामाजिक सुरक्षा कायद्याचा. त्यातील वार्धक्यवेतनातून शेतमजूर आणि घरगडी-मोलकरणी वगळल्या गेल्या व सुमारे दोन-तृतीयांश काळे कामकरी योजनेबाहेर राहिले. हे दक्षिणेतील सिनेटरांचे कृत्य आणि रूझवेल्ट हतबल, अशी सार्वत्रिक समजूत आहे. परंतु रूझवेल्ट यांच्याच समितीच्या मूळ योजनेत हे लोक होते, आणि त्यांना वगळावे असे काँग्रेसच्या समितीपुढे सांगितले ते रूझवेल्ट यांचेच कोषमंत्री, न्यूयॉर्कचे हेन्री मॉर्गेंथॉ यांनी. सबब एवढीच की विखुरलेल्या मालकांकडून कराची वसुली जिकिरीची होईल. वगळलेल्यांत संख्येने गोरेच अधिक होते, म्हणून वर्णद्वेष हा हेतू नव्हता, असे काही इतिहासकार म्हणतात. तसे मानले तरी माझा मुद्दा ढळत नाही, उलट तो अधिक गंभीर होतो. दक्षिणेतील गोऱ्या घरी पहाटेपासून राबणाऱ्या स्वयंपाकिणीच्या मजुरीत घरचे उरलेसुरले अन्नही धरले जाई; तिची नोंद कोणत्याही दप्तरात नव्हती, कारण ती ठेवण्याची गरज कोणास वाटली नव्हती; आणि नोंद नाही हेच पुढे तिला हक्क नाकारण्याचे कारण ठरले. द्वेषाचा एकही शब्द न उच्चारता जुना अन्याय असा नव्या कायद्याच्या कलमात उतरतो. हे कोणाच्या ध्यानी आले नाही असेही नाही. काळ्यांच्या हक्कांसाठी झगडणारे वकील चार्ल्स ह्यूस्टन यांनी सिनेटच्या समितीला त्याच वेळी बजावले होते की हा मसुदा चाळणीसारखा असून बहुसंख्य निग्रो तिच्या भोकांतून खाली पडतील. ती भोके बुजवण्यास 1950 आणि 1954 च्या दुरुस्त्या याव्या लागल्या.

मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना असलेला मज्जाव डॉ. आंबेडकरांनी 1928 च्या संपाच्या काळात कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला होता, त्यामुळे सर्वांच्या मागण्यांत वगळलेल्यांची मागणी आपोआप येत नाही हा युक्तिवाद मराठी वाचकाला अपरिचित वाटू नये.

दक्षिणेच्या मतांवाचून काही चालत नाही, म्हणून रूझवेल्ट यांनी जमावाकडून होणाऱ्या हत्यांविरुद्धच्या विधेयकालाही जाहीर पाठबळ दिले नाही. पण 1941 मध्ये रेल्वेच्या शयनयानांतील काळ्या सेवकांच्या संघटनेचे अध्यक्ष, समाजवादी फिलिप रँडॉल्फ, यांनी 1 जुलैला हजारो काळ्या कामकऱ्यांचा मोर्चा वॉशिंग्टनवर आणण्याचा निर्धार जाहीर केला, तेव्हा त्याच रूझवेल्ट यांनी 25 जूनला संरक्षण कारखान्यांतील नोकऱ्यांत वर्णभेदास मनाई करणारा हुकूम काढला, आणि त्यासाठी दक्षिणेतील एकाही सिनेटरचे मत त्यांना लागले नाही.