काळी माती आणि पहिला जीव

परभणी जिल्ह्यातल्या पेडगावच्या शिवारात जी काळी माती दिसते, ती ज्या पाषाणाची झाली तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. आपल्याला हा खडक आदिम वाटतो. जीवसृष्टीच्या मानानं तो अगदी अलीकडचा आहे. पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं, आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागात सूक्ष्मजीवांनी रचलेल्या थरांच्या खुणा जवळजवळ ३४८ कोटी वर्षांपूर्वीच्या आहेत. मधल्या काळात कधीतरी निर्जीव द्रव्यातून जीव उभा राहिला. हे मान्य केलं की ईश्वराला जागा उरत नाही, अशी धास्ती अनेक श्रद्धावंतांना वाटते, आणि काही नास्तिक तोच निष्कर्ष आनंदानं काढतात. माझ्या मते दोघांची चूक एकच आहे: जड आणि सजीव यांच्यामधल्या फटीत ते देवाला बसवतात.

आपल्या परंपरेला ही फट कधी लागलीच नव्हती. जारज, अंडज, उद्भिज्ज, स्वेदज या चार खाणी आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. स्वेदज म्हणजे घाम, ओल आणि उष्मा यांतून उपजणारे उवा-किडे. ओलीतून जीव होतो असं मानताना कुणाच्या भक्तीला तडा गेला नाही. निसर्गाविषयी मात्र ती समजूत चुकीची होती. १८६० च्या सुमारास लुई पाश्चरनं वाकड्या नळीच्या चंबूत उकळलेलं पोषक द्रावण ठेवलं. हवा आत जात राहिली, तरी ते नासलं नाही. यावर आक्षेप येतो की जीव जीवापासूनच होतो हे ठरलं, मग निर्मात्यावाचून पहिला जीव कसा? पण पाश्चरनं खोडून काढलं ते एवढंच, की तयार जिवाणू आजच्या द्रावणात थोड्या दिवसांत आपोआप उपजतात. हवेत प्राणवायू जवळजवळ नसलेल्या तरुण पृथ्वीवर प्रदीर्घ काळ काय घडत गेलं, याबद्दल तो चंबू काहीच सांगत नाही. मग तसं आज का घडत नाही? डार्विननं १८७१ मधल्या एका पत्रातच त्याचं उत्तर सुचवलं होतं: असं द्रव्य आज तयार झालं, तर आधीपासून असलेले जीव ते लगेच फस्त करतील.

पुरावा अपुरा आहे, पण त्याची दिशा स्पष्ट आहे. १९५३ मध्ये स्टॅन्ली मिलरनं वायूंच्या मिश्रणात विजेच्या ठिणग्या सोडल्या आणि अमिनो आम्लं मिळाली. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसनजवळ पडलेल्या उल्केतही ती सापडली. १९८० च्या दशकात थॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांनी दाखवलं की माहिती सांभाळणारा आरएनए रासायनिक क्रियाही घडवू शकतो. पुण्याच्या आयसरमध्ये सुधा राजमणी यांचा गट, द्रावण पुन्हा पुन्हा ओलं-सुकं झालं की पेशीच्या आवरणासारख्या रचना कशा बनतात, हे तपासतो. अथपासून जिवंत पेशी अजून कुणी घडवलेली नाही. तरी उरलेल्या फटीत देवाची स्थापना केली, तर प्रत्येक यशस्वी प्रयोगासरशी त्याला मागं सरकावं लागेल. देवाची इतकी कोती कल्पना मला श्रद्धेचा अपमान वाटते. गंगाखेडच्या जनाबाईंच्या कथांत विठ्ठल जात्यापाशी बसतो, गोवऱ्या वेचू लागतो; तिथं दगड आणि शेण देवाला परके नाहीत. क्षार आणि पाण्यातून जीव घडला, हे ऐकून अशा भक्तीचं काहीही हरवत नाही.

याहून गंभीर आक्षेप दार्शनिक आहे. लोकायत म्हणत की किण्वातून जशी मादकता, तसं महाभूतांच्या मेळातून चैतन्य उपजतं. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात हे नाकारलं: ज्या भूतांना चैतन्य जाणतं, त्यांचाच तो धर्म कसा असेल? हा युक्तिवाद मला भक्कम वाटतो, पण त्याचा रोख जाणिवेवर आहे. स्वतःची प्रत काढणाऱ्या, अन्न घेणाऱ्या पहिल्या पेशीला काही जाणवत होतं, असं मानायला आपल्यापाशी आधार नाही. म्हणून जीवाचा उगम रसायनशास्त्राकडे सोपवण्यात शंकराचार्यांशी विरोध येत नाही. आणि जाणीव कुठून येते हा वाद मिलरच्या काचेच्या भांड्यानं मिटलेलाही नाही.