देवाची झाडे, देवाचे देऊळ

वाचकहो, एक प्रश्न आपणापुढे ठेवतो. देवाच्या राईतली झाडे विकून त्याच देवाचे देऊळ बांधावे का?

वादासाठी हा प्रश्न काढलेला नाही. आमच्या सिंधुदुर्गात तो गावोगावी उभा राहतो. जामसंड्याचा हा भाग जांभ्या दगडाच्या सड्याचा. वर उघडा कातळ, उतारावर हापूसची कलमे. जुने रान पाहायचे तर ग्रामदेवतेची राई शोधावी लागते. ऐन, किंजळ, बेहडा, सातवीण, सुरंगी, त्यांच्यावर चढलेली गारंबी, आणि बहुधा आत कुठेतरी पाण्याचा झरा. १९७० च्या दशकात डॉ. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातल्या देवराया हिंडून पाहिल्या आणि जाणत्या जगाला त्यांचे मोल सांगितले. गावाला ते आधीपासून ठाऊक होते, पण गाव त्याला मोल म्हणत नव्हते. गाव म्हणे, ‘थंय कोयती लावू नको, देवचार बघता.’

राई राखली ती या धाकाने. वाळकी काटकीसुद्धा घरच्या चुलीला न्यायची नाही. देवळाच्या कामाला वासा हवा असेल तरी आधी गाऱ्हाणे घालायचे, कौल घ्यायचा, उजवा पडला तरच कुऱ्हाड.

आता शंका अशी की, आपला संप्रदाय तर धाकाचा नाही. भुताखेतांचे भय संतांनी समाजाच्या मानेवरून उतरवले. मीही चाळीस वर्षे कीर्तनात तेच सांगत आलो, आणि ते योग्यच होते. भ्यालेला मनुष्य भक्ती करीत नाही, हिशेब करतो. परंतु देवचाराचे भय ओसरले आणि राईत करवत शिरली, हेही डोळ्यांपुढे आहे. काही भली माणसे म्हणतात, ‘बुवा, श्रद्धा म्हणा की अंधश्रद्धा, झाडे तर राहिली ना? असू द्यावे ते भय.’

मला हे पटत नाही, कारण भयाला तोडगा असतो. नारळ ठेवला, कोंबडे कापले, कौल उजवा मिळेपर्यंत पुन्हापुन्हा लावला की भय फिटते. जीर्णोद्धाराच्या वेळी नेमके हेच होते. मुंबईचे चाकरमानी वर्गणी काढतात, मंगळुरी कौले उतरून स्लॅब पडतो, गुळगुळीत लाद्या बसतात. पैसा थोडा कमी पडतो. सभामंडपाला जागा हवी, गाड्या लावायला जागा हवी. मग कोणीतरी म्हणतो, ‘देवाचीच झाडे, देवाच्याच कामाला. कोण खिशात घालतो आहे?’ खरेच कोणी खिशात घातलेले नसते, म्हणून उत्तर देणे अवघड जाते.

तरी उत्तर शोधू. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की देवस्थानच्या जमिनीचा मालक देव. पुजारी केवळ व्यवस्था पाहणारा. पुजाऱ्याला जे लागू, ते कमिटीला आणि गावकर-मानकऱ्यांनाही लागू असे मी समजतो. मालक बोलत नाही, तेव्हा कारभाऱ्याने अधिक जपून वागावे. शिवाय मालकाच्या घरी राहणारे कोण, हेही पाहावे. राईतल्या ढोलीत धनेश पिले वाढवतो. खालच्या वाडीची विहीर राईत मुरलेल्या पाण्यावर मार्गशीर्षानंतरही तग धरते. यांना कौलाला कोणी बोलावले नव्हते.

आणि मंडप हवा आहे तो कोणाला? बरेचदा आपल्याला, म्हणजे कीर्तनकारांना आणि श्रोत्यांना. पांडुरंग विटेवर उभा आहे. तुकोबा एकांतासाठी भंडाऱ्यावर, भामचंद्रावर जात. २००८ साली चाकणजवळ शिंदे-वासुलीला एका परदेशी रसायन कंपनीचे केंद्र येऊ लागले, तेव्हा भामचंद्राखालचे गावकरी आणि वारकरी विरोधात उभे राहिले, आणि ते केंद्र तेथे झाले नाही. परका दारात आला की आपण टाळ घेऊन उभे राहतो. करवत आपल्याच कमिटीने आणली तर कोणासमोर उभे राहायचे, हे कठीण.

गडचिरोली जिल्ह्यात मेंढा-लेखा नावाचे गोंडांचे गाव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क त्या गावाला मिळाला. हक्क कागदावर आला त्याच्या कितीतरी आधीपासून गाव एकत्र बसून जंगलाचा अभ्यास करीत होते. निर्णय सर्वांच्या संमतीने. एकाचा विरोध असेल तर थांबायचे. तिकडे राखण चालते ती या बसण्यावर, भयावर नव्हे. आपल्याकडे ग्रामसभेला किती जण बसतात, ते आपण जाणताच.

पाखाडीचेही तेच. जांभ्याच्या पायऱ्यांची ती वाट जत्रेआधी वाडीवाले मिळून बेणत. आता डांबरी रस्ता झाला. वाटेवर कोणी चालत नाही म्हणून काटे वाढतात, आणि काटे वाढले की शेजारचा गडगा दरवर्षी वीतभर सरकतो. चालणे थांबले की वाट कोणाची तरी खासगी होते, हे वारी करणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

मग प्रेमाने राई राखता येईल का? नुसत्या प्रेमाने नाही, असे माझे मत आहे. प्रेमाला पाळी लागते. सप्ताहात वीणेचा पहारा कसा चालतो पाहा. वीणा खाली टेकायची नाही. दोन तास एकाच्या गळ्यात, मग दुसऱ्याच्या. ती कोणाची नाही, पण ज्या क्षणी गळ्यात आहे त्या क्षणी पूर्ण त्याची. वाडीवार यादी देवळाच्या भिंतीवर लागते, आणि रात्री दोनची पाळी असलेली वाडी पावसातही येते.

त्याच भिंतीवर राईची दुसरी यादी लावता येईल. पावसानंतर झाडे मोजणे एका वाडीकडे, शिमग्याआधी कडेचा पाचोळा ओढून वणव्याचा पट्टा साफ करणे दुसरीकडे, पाखाडी तिसरीकडे. चाकरमान्यांना गणपतीतली आणि मे महिन्यातली पाळी द्यावी, वर्गणीऐवजी नव्हे, वर्गणीबरोबर. झाड तोडायचा विषय निघाला तर यादीतल्या सर्व वाड्या बसाव्यात आणि एकही वाडी ‘नको’ म्हणाली तर झाड उभे राहावे. देवाला कौल त्यानंतर लावावा.

एका ठिकाणी हे बोललो तेव्हा एकाने विचारले, ‘बुवा, पाळी चुकवली तर दंड काय?’ सप्ताहात दंड कुठे असतो? पुढचा आला नाही तर आधीचा वीणा घेऊन उभाच राहतो, आणि कोणीतरी त्या घरी उठवायला जातो.