रोबोसाठी उचललेले मोजे

आमच्या फ्लॅटमध्ये केर काढणारा रोबो आला त्याला आता आठ महिने झाले. रोज सकाळी नऊला तो निघतो, हॉल-पॅसेज-बेडरूम करून तासाभरात चार्जरवर परत येतो. तो निघायच्या आधी मी जमिनीवरच्या वायरी गुंडाळते, मोजे उचलते, खुर्च्या टेबलावर उलट्या ठेवते. परवा आई आली होती. माझी ही लगबग बघून म्हणाली, "मावशींसाठी कधी एक मोजा तरी उचललास का गं?"

नव्हता उचलला. चार वर्षांत एकदाही नाही. त्या वाकून उचलायच्या आणि खुर्चीवर ठेवायच्या.

मावशी अजून येतात, पण फक्त भांड्यांना. केर-फरशीचे पैसे त्यांच्या महिन्यातून गेले. मी स्वतःला सांगितलं होतं की त्यांच्या दांड्या फार होतात. खरं कारण वेगळं होतं. सुट्टीच्या दिवशी दहा वाजता मी पलंगावर मोबाईल बघत लोळतेय आणि माझ्या आईपेक्षा मोठी बाई पलंगाखाली हात घालून फरशी पुसतेय, हे मला बघवत नव्हतं. म्हणजे काम त्यांनी करू नये असं नव्हे. ते करताना त्या मला दिसू नयेत, आणि मीही त्यांना. रोबो घेताना मी स्वच्छतेचे नाही, नजर टाळण्याचे पैसे मोजले.

पण नजर टळली का? २००२ साली अमेरिकेत आयरोबोट कंपनीचा पहिला रूम्बा बाजारात आला, तेव्हा त्याला घर माहीतच नसायचं. त्याच्या पद्धतीचं पेटंट २००४ मध्ये मंजूर झालं, त्यात युक्ती साधी आहे: कधी गोल गोल फिरायचं, कधी भिंतीच्या कडेने जायचं, कधी आपटलं की तोंड वळवून दुसरीकडे सुटायचं. नकाशा नाही, आठवण नाही. आंधळी कोशिंबीर खेळणारं पोर म्हणा. त्याच जागेवरून तो चारदा जायचा, पण घरातलं काही त्याच्या लक्षात राहायचं नाही. मला तो जुना, बावळट रोबो जास्त सभ्य वाटतो.

मग लेझर आले, कॅमेरे आले. २०१५ च्या रूम्बात कॅमेऱ्यावरून नकाशा बनू लागला. आज माझ्या मोबाईलमध्ये माझ्या घराचा नकाशा आहे, पलंग कुठे आहे त्यासकट.

आणि यंत्राला मोजा म्हणजे मोजा हे कोणीतरी शिकवावं लागतं. २०२२ च्या डिसेंबरात 'एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू'ने बातमी दिली: २०२० मध्ये चाचणीच्या रूम्बांनी टिपलेले घरातले फोटो, त्यात एक कमोडवर बसलेली बाई, सोशल मीडियावरच्या ग्रुपांमध्ये फिरले होते. ते टाकणारे होते व्हेनेझुएलातले कंत्राटी कामगार. फोटोतल्या वस्तूंना नावं देणं हे त्यांचं काम. कंपनीचं म्हणणं, ही विक्रीतली यंत्रं नव्हती आणि चाचणीतल्या लोकांनी संमती दिली होती. असेलही. मला अडकवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. म्हणजे यंत्राच्या मागेही शेवटी तुटपुंज्या पैशांवर माझा केर बघणारं माणूस आहेच. फक्त ते इतकं लांब आहे की त्याला मला चहा विचारावा लागत नाही.

मावशींना मी निदान ताई म्हणून माहीत होते. माझं ब्रेकअप झालं तेव्हा रडून सुजलेले डोळे त्यांनी पाहिले होते. काही न बोलता त्या दिवशी त्यांनी बेडरूम शेवटी घेतली. अशी नजर नको म्हणून मी पैसे मोजले होते, हे लिहितानाही विचित्र वाटतंय.

आता भांडी घासताना रोबो पायाशी आला की मावशी एक पाय उचलून त्याला वाट देतात. गेल्या आठवड्यात तो सोफ्याखाली अडकून कोकलत होता. मी मीटिंगमध्ये होते. त्यांनी तो बाहेर ओढला, उलटा केला, ब्रशात गुंतलेले माझे केस सुरीने कापून काढले आणि परत जमिनीवर सोडला. आता हे दर दोन-चार दिवसांनी त्याच करतात, न सांगता.

त्या दहा मिनिटांचे पैसे मी अजून ठरवलेले नाहीत. त्यांनी मागितलेलेही नाहीत.